शेजारच्या नदीचा मासा: ब्रिस्टल बेतली सॅल्मनची वाटणी

ओहोटीकर

कृष्णा लवादाच्या धाग्यावर गेल्या आठवड्यात जी जुंपली होती, तिथे मी जाता जाता लिहिलं होतं की वाटणीचा याहून चिवट प्रश्न अलास्कातले लोक दर जून-जुलैत सोडवत बसतात, आणि तोही तासातासाला. त्यावर दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून 'मग लिही की' म्हटलं. तर हा धागा. सिअ‍ॅटलमध्ये एका मासळी प्रक्रिया कंपनीच्या हिशेबखात्यात मी काही वर्षं काढली. तिकडचे नाखवे, त्यांच्या पावत्या आणि त्यांची भांडणं, तिन्हींशी चांगली ओळख आहे.

ब्रिस्टल बे म्हणजे अलास्काच्या नैऋत्येला बेरिंग समुद्र आत शिरलाय तो भाग. इथे मासेमारीचे पाच जिल्हे: युगाशिक, इगेगिक, नॅकनेक-क्विजॅक, नुशगॅक आणि टोगियाक. सॉकाय जातीचा नैसर्गिक सॅल्मन, म्हणजे पैदासकेंद्रातून सोडलेला नव्हे, जगात सर्वांत जास्त इथेच येतो. २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख मासे परतले आणि त्यातले ६ कोटींच्या वर पकडले गेले. तो विक्रम होता. हा सगळा खेळ मुख्यतः तीन-चार आठवड्यांचा, ऐन भर ४ जुलैच्या आगेमागे.

आता मेख. सॉकाय ज्या पाण्यात जन्मतो तिथेच अंडी घालायला परततो आणि मरतो. त्यामुळे नॅकनेकचा मासा नॅकनेकमध्येच जाणार, क्विजॅकचा क्विजॅकमध्येच. पण या दोन्ही नद्या एकाच आखाताच्या टोकाला शेजारी शेजारी मिळतात. नॅकनेकच्या मागे काटमाई राष्ट्रीय उद्यानातलं नॅकनेक तळं आहे (धबधब्यावर अस्वलं मासे झेलतात ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ती ब्रुक्स नदी याच तळ्याला मिळते). क्विजॅकच्या मागे इलियामना, अलास्कातलं सर्वांत मोठं तळं. नदीच्या तोंडाशी येईपर्यंत दोघींचे मासे एकाच झुंडीत पोहतात. जाळ्यात आलेला मासा कुठला, हे त्याच्याकडे बघून कोणालाही सांगता येत नाही.

दोन्ही नद्या भरलेल्या असल्या की कोणी विचारतही नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्विजॅक ढासळायला लागली. एकेकाळची ही जगातली सर्वांत मोठी सॉकाय नदी. १९६५ साली जाळ्यांतून सुटून वर गेलेले मासेच २ कोटी ४० लाखांच्या आसपास होते. किमान २० लाख वर गेले पाहिजेत असं सरकारचं उद्दिष्ट, आणि २००२ साली त्याच्या निम्मेही गेले नाहीत. शेजारची नॅकनेक मात्र ठणठणीत.

आखात उघडं ठेवलं तर क्विजॅकचे उरलेसुरले मासेही जाळ्यात जाणार. बंद ठेवलं तर नॅकनेकचे लाखो मासे कोणाच्याच हाती न लागता वर जाणार, आणि गावाची वर्षाची कमाई तर त्याच तीन आठवड्यांत व्हायची असते. तोडगा निघाला तो असा: बाहेरचं आखात बंद, सगळा ताफा नॅकनेक नदीच्या आत. नदीत शिरला तो मासा नॅकनेकचा, त्यात फारशी शंका उरत नाही. ३२ फुटी बोटींचा तो तांडा चिंचोळ्या नदीत, ओहोटीला पाणी भराभर उतरणार, पंख्यात जाळी अडकणार, बोटीवर बोट, आणि शिव्यांना तर हद्दच नाही. वाहत्या जाळ्यांच्या बोटी आणि किनाऱ्याला जाळं बांधून बसणारे, दोघांना आळीपाळीने पाणी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तुटून पडायला सोपं जाईल. नद्यांमधली वाटणी या लोकांना जमलीय. माणसांमधली नाही जमलेली.

चकलीभाजणी

वाचतेय. सॅल्मन म्हणजे आपला रावसच ना? बाजारात 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात.

ओहोटीकर

नाही, कूळच वेगळं. रावस चवीला उत्तम, पण तो काही डोंगरातल्या तळ्यात जाऊन मरत नाही.

कृष्णाकाठ

माझ्याच धाग्यावरून उगवलेला धागा, म्हणून येणं भाग आहे. मला यात एवढं अवघड काय ते कळलं नाही. बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं २०६० टीएमसी पाणी धरलं आणि महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० असं वाटून दिलं. भांडणं झाली, होताहेत, पण आकडा तरी समोर आहे. इथेही एकूण मासे मोजा, नदीला टक्केवारी लावा, विषय संपला. हे आज उघड, उद्या बंद, मग नदीत कोंबा, हा पोरखेळ कशाला?

ओहोटीकर

टक्केवारी लावता येत नाही, कारण वाटायचा माल आणि बियाणं एकच आहे. कृष्णेचं पाणी या वर्षी सगळं उपसलं तरी पुढच्या वर्षी पाऊस त्याच्या मर्जीने पडतो. क्विजॅकचे मासे या वर्षी सगळे उचलले तर चार-पाच वर्षांनी तिथे परतायला कोणी नसेल. (सॉकाय एक-दोन वर्षं तळ्यात काढतो, दोन-तीन समुद्रात.) म्हणून तिथे पहिला हक्क माणसाचा नाही, नदीचा. आधी प्रत्येक नदीचे मासे वर गेले पाहिजेत, उरतील ते वाटायचे. नॅकनेकसाठी हे उद्दिष्ट ८ ते २० लाख, क्विजॅकसाठी २० लाख ते १ कोटी. तिकडे याला एस्केपमेंट म्हणतात आणि हंगामात दुसरा शब्द कानावर पडत नाही.

दुसरं म्हणजे पाण्याला वरचा आणि खालचा असे दोनच पक्ष. मासा आधी खालच्याच्या दारातून जातो, मग वरच्याकडे. इथे खालचाच वरच्याचं पाणी तोडू शकतो! इलियामनाच्या काठावर युपिक आणि देनाइना लोकांची गावं आहेत, त्यांचा हिवाळ्याचा सुकवलेला मासा खालच्या जाळ्यांतून वाचून येतो. अलास्काच्या कायद्यात १९७८ पासून उदरनिर्वाहाच्या मासेमारीला व्यापारी मासेमारीच्या आधीचं स्थान आहे. पण नदीच रिकामी असेल तर तो हक्क पातेल्यात शिजत नाही.

गणिती

वर गेलेले लाखो मासे मोजतात कसे? आकडे ऐकून मला पहिला संशय मोजणीचाच येतो.

ओहोटीकर

मनोऱ्यावर बसून, डोळ्यांनी! नदीच्या दोन्ही काठांवर मनोरे असतात. तासातली दहा मिनिटं मोजायचं, सहाने गुणायचं, दिवसरात्र. सॉकाय काठाकाठाने, उथळ पाण्यातून वर चढतो आणि ही पाणी स्वच्छ असलेली नदी आहे, म्हणून हे चालतं. नुशगॅकचं पाणी गढूळ, तिथे ध्वनिलहरींनी मासे मोजणारं सोनार यंत्र लावलंय.

तुझा संशय चुकीच्या जागी आहे मात्र. मोजणी बरी आहे, ती शिळी असते हा त्रास. क्विजॅकचा मनोरा तळ्याच्या तोंडाशी, इगिउगिग गावाजवळ. आखातातून तिथे पोचायला माशाला दोनेक दिवस लागतात. म्हणजे आज जाळी टाकू द्यायची की नाही हे ठरवताना हातात परवाचे मासे असतात. म्हणून बऱ्याच आधी, पोर्ट मोलरला, आठवडाभराच्या अंतरावर एक चाचणीची बोट नमुन्याचे मासे धरते आणि त्यांच्या जनुकांवरून कुठल्या नदीचे किती येताहेत याचा अंदाज काढतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते प्रयोगशाळेला दिसतं. पण तोही अंदाजच. वारा फिरला की झुंड वेगळ्याच बाजूने येते.

मालवणकट्टा

अख्खा धागा वाचला. आता आमच्यासारख्यांचा प्रश्न. बोटवाला काय, आज नॅकनेक बंद तर उद्या इगेगिकला जाईल. किनाऱ्यावर जाळं बांधून बसलेल्याने काय करायचं? त्याचं जाळं काय खांद्यावर घेऊन फिरणार? आमच्याकडे रापणवाले असेच. मासा किनाऱ्याला आला तर पोट भरणार. बाहेर पर्ससीनने, म्हणजे वेढा घालून आवळायच्या मोठ्या जाळ्याने, बांगड्याचा थवाच्या थवा उचलला की आम्ही नुसते दोर ओढायचे. १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा झाला, २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनला हंगाम आणि क्षेत्र आखून दिलं, मासे ओढणाऱ्या एलईडी दिव्यांवर बंदी आली. पण भर समुद्रात बघायला जातो कोण?

ओहोटीकर

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

बोटवाल्यांवर एक लगाम आहे. जिल्हा बदलायचा तर नोंद करून ४८ तास जाळं पाण्याबाहेर ठेवायचं. भर हंगामात दोन दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. हा नियम नसता तर हजार बोटी एका रात्रीत भरलेल्या नदीवर तुटून पडल्या असत्या. आणि जिल्ह्याच्या समुद्रातल्या हद्दरेषेपलीकडे जाळं गेलं तर दंड होतो, पकडलेला माल जप्त होतो. गंमत म्हणजे त्यामुळेच बोटी त्या रेषेवर अशा दाटीवाटीने उभ्या राहतात की विचारू नका, कारण आत येणारा मासा पहिल्यांदा तिथे भेटतो.

बांधल्या जाळ्यांसाठी १९९७ मध्ये राज्याच्या मत्स्य मंडळाने जिल्हावार हिस्से ठरवले. नॅकनेक-क्विजॅकमध्ये ८४ टक्के वाहत्या जाळ्यांना, ८ टक्के नॅकनेकच्या काठावरच्यांना, ८ क्विजॅकच्या. नुशगॅकमध्ये किनारेवाल्यांना जास्त, २० आणि शेजारच्या इगुशिकला ६. हिस्सा चुकायला लागला की हंगामातच एका गटाचे तास कमी-जास्त करायचे. कागदावर छान आहे. पण क्विजॅक पडली तेव्हा क्विजॅकच्या काठावरच्या माणसासाठी त्या आठाला अर्थच उरला नाही. घरासमोरचं पाणी बंद. नदी त्याची, मासा वाचवायचा तोही त्याच्याच नदीसाठी, आणि झळ सर्वांत जास्त त्यालाच. माणसांमधली वाटणी जमली नाही म्हणालो ते यासाठी.

टाकोमाकर

हे वाचून आमच्या इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमापासून थोडं दक्षिणेला निस्क्वाली नदी आहे. १८५४ च्या मेडिसिन क्रीक करारात इथल्या मूळनिवासी जमातींनी जमीन दिली, पण नेहमीच्या जागी 'इतर नागरिकांसह' मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे काय झालं? समुद्रात गळ ओढत जाणाऱ्या बोटी, आखातात पर्ससीन, हौशी गळवाले, सगळ्यांनी धरून झाल्यावर मासा नदीत पोचायचा. आणि तिथे सरकार म्हणायचं, आता फार थोडे उरलेत, संवर्धनासाठी मासेमारी बंद! पकडायचं कोणाला, तर नदीत जाळं टाकणाऱ्या निस्क्वाली जमातीच्या माणसाला. बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक १९४५ मध्ये झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढे पन्नासहून जास्त वेळा पकडले गेले.

१२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की करारातल्या जमातींना पकडण्याजोग्या माशांच्या निम्म्यापर्यंत हक्क आहे. पकडण्याजोग्या म्हणजे नदीचे वर गेल्यावर उरलेल्या, ओहोटीकर म्हणतात तेच. केवढा गदारोळ झाला! १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुख्यतः कायम ठेवला. तेव्हापासून राज्य आणि जमाती मिळून हंगाम ठरवतात.

कृष्णाकाठ, तुमचा आकडा इथे मिळाला बघा: निम्मे. पण भांडण संपलं का? प्युजेट साउंडच्या, म्हणजे आमच्या इथल्या आखाताच्या, चिनूक जातीच्या सॅल्मनला १९९९ पासून संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे. स्टिलाग्वामिशसारख्या एखाद्या लहान नदीचे चिनूक थोडे उरले की तिच्या भीतीने आजूबाजूच्या भरल्या पाण्यातलेही तास कापले जातात. दर वसंतात त्यावरून रात्री रात्री बैठका चालतात.

कृष्णाकाठ

म्हणजे सर्वांत अशक्त नदी सगळ्यांचं वेळापत्रक ठरवते. हे मला अजून पटत नाही. अशक्त नदी अशक्त का झाली? वरती जंगल तोडलं, धरण बांधलं, शहर वसवलं, ते करणाऱ्याला हात न लावता शेजारच्या नदीवरच्या कोळ्याला म्हणायचं, बाबा तू उपाशी राहा. याला न्याय म्हणायचं?

टाकोमाकर

प्युजेट साउंडपुरतं शंभर टक्के मान्य. म्हणून तर जमातींनी रस्त्याखालच्या मोऱ्यांवरून राज्याला कोर्टात खेचलं. चुकीच्या बांधलेल्या मोरीतून मासा वर चढत नाही, मग कराराच्या हक्काला काय अर्थ? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं ४ विरुद्ध ४ पडली, त्यामुळे जमातींच्या बाजूचा खालचा निकाल टिकला आणि राज्याला मोऱ्या बदलणं भाग पडलं.

ओहोटीकर

क्विजॅकवर मात्र ना धरण, ना शहर. तिथे दोष द्यायला कोणी सापडत नाही. ही त्या गोष्टीतली सर्वांत त्रासदायक बाजू आहे.

व्हँकुव्हरची_मावशी

आमच्या फ्रेझर नदीचं भांडण तर दोन देशांचं. फ्रेझर संपूर्ण कॅनडात, पण तिचा सॉकाय परतताना पुष्कळदा अमेरिकेच्या हद्दीतून वळसा घालून येतो. १९३७ मध्ये लागू झालेल्या करारापासून निम्मे-निम्मे चालत होतं. १९८५ मध्ये पॅसिफिक सॅल्मन करार झाला. त्यातलं तत्त्व असं की ज्या देशाच्या नद्यांत मासा पैदा होतो त्याला तेवढं फळ मिळावं. ऐकायला किती छान! हिशेब करायला बसले तेव्हा कोणाचाच हिशेब कोणाला मान्य नाही. अलास्कावाले कॅनडाचे मासे धरतात, कॅनडावाले वॉशिंग्टनचे. १९९४ मध्ये कॅनडाने आपल्या पाण्यातून जाणाऱ्या अमेरिकी मासेमारी बोटींवर दीड हजार डॉलरचा कर बसवला. आणि जुलै १९९७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात कोळ्यांनी आपल्या बोटींनी अलास्काची 'मालास्पिना' ही प्रवासी बोट घेरली, तीन दिवस हलू दिली नाही. अहो, सभ्य म्हणून मिरवणारे कॅनडियन लोक! १९९९ मध्ये नवं जमलं, आणि आता फ्रेझरच्या सॉकायच्या पकडीत अमेरिकेचा वाटा १६.५ टक्के.

चकलीभाजणी

मावशी, भारी! अवांतर: सॉकायला आपलं तिरफळ चालतं का?

व्हँकुव्हरची_मावशी

चालतं, पण नारळ कमी घाल. हा मासा मुळात तेलकट. बाकी पाककृती विभागात ये, इथे संपादक कात्री लावतील.

गणिती

एक शंका राहिली. क्विजॅक पुढे सावरली का? सावरली असेल तर नॅकनेकवाल्यांचा त्याग कामी आला म्हणायचा.

ओहोटीकर

सावरली. २०१० नंतर तिच्यात पुन्हा भरपूर मासे यायला लागले आणि 'चिंतेच्या' यादीतून तिचं नाव निघालं. पण ते बंदीमुळे झालं असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. त्याच काळात समुद्र आणि तळी गरम होत गेली, तळ्यातली पिल्लं भराभर वाढायला लागली, आणि ज्यांच्यासाठी कोणी काही सोडलं नव्हतं त्या नद्याही फुगल्या. शेजाऱ्याने सोडलेले मासे किती कामाला आले आणि समुद्राने किती दिलं, हे वेगळं काढता येत नाही. विचार करा, तुम्ही ऐन हंगामात गर्दीच्या नदीत धक्के खाता आणि वर तुम्हाला कोणी सांगूही शकत नाही की त्याचा उपयोग झाला.

तरी मी बंदीच्या बाजूचाच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॅनिअल शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पन्नासेक वर्षांचे आकडे घेऊन दाखवलं की ब्रिस्टल बेत एकच एकजिनसी कळप असता तर वर्षावर्षातले चढउतार दुपटीहून जास्त झाले असते आणि मासेमारी पूर्ण बंद ठेवायची पाळी दसपट वेळा आली असती. एक नदी पडते तेव्हा दुसरी चढते. विसाव्या शतकाच्या मध्यात क्विजॅक आखाताला पोसत होती, शतक सरताना इगेगिक पुढे आली, नंतर नुशगॅक. नॅकनेकवाल्याने क्विजॅकला जगू दिलं ते काही उपकार म्हणून नाही. पुढच्या वीस वर्षांत कोणती नदी चालेल हे त्याला माहीत नाही.

मालवणकट्टा

पटतंय. पण वीस वर्षं थांबायला घरात काहीतरी असायला लागतं. बँक हप्त्याला थांबत नाही.

ओहोटीकर

नाहीच थांबत. तिकडे परवाने विकता येतात. १९७० च्या दशकात परवान्यांची संख्या गोठवली, तेव्हा बरेच परवाने गावातल्यांकडे होते. वाईट वर्षं आली की गावातला विकतो, वॉशिंग्टन-ओरेगॉनचा पैसेवाला घेतो. मासे परत आले, परवाना परत आला नाही. आणि मासे भरपूर असले म्हणून सगळं आलबेल असंही नाही. २०२२ च्या विक्रमानंतर २०२३ मध्ये कारखान्यांनी पौंडाला ५० सेंट मूळ भाव जाहीर केला, आदल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी. नॅकनेकला कोळ्यांनी पाण्यात बोटी आणून निषेध केला. तिथे नदी विरुद्ध नदी, बोट विरुद्ध किनारा, काही उरलं नव्हतं.

मालवणकट्टा

हे हिस्से ठरवणारं मंडळ म्हणालात, त्यात बसतं कोण?

ओहोटीकर

सात जण. गव्हर्नर नेमतो, विधिमंडळ मान्यता देतं. त्यामुळे प्रत्येक नेमणुकीवर ओढाताण असते. एक गोष्ट मात्र मला आवडते. प्रत्येक भागाचे नियम ठरावीक वर्षांनी पुन्हा उघडतात आणि बदलाचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतं. कोळी, गावपंचायत, कारखाना, तुम्ही-आम्ही. प्रस्ताव छापले जातात, जाहीर सुनावणी होते, जाळं बांधणारी म्हातारीही माइकसमोर येऊन मंडळाला सुनावते. मतदान सगळ्यांसमोर होतं.

मालवणकट्टा

त्या प्रस्तावाचा नमुना मिळाला तर इथे टाका. आमच्या संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवतो.

ओहोटीकर

शोधून टाकतो. जुन्या नमुन्यात दोन रकाने असायचे, मला ते फार आवडायचे: यामुळे कोणाचा फायदा होईल, आणि कोणाला झळ बसेल.

कृष्णाकाठ

दुसऱ्या रकान्यात लोक लिहायचे काय?

ओहोटीकर

मी पाहिलेल्यांत बहुतेकांनी 'कोणालाही नाही' लिहिलं होतं.